सीट सोडायची नाही

कुबाला पाऊण तास.
दोन किब्ल्यांच्या मशिदीपाशी पंधरा मिनिटं.
खंदकाच्या जागी गाडी नुसती हळू करायची.
खजुरांच्या बाजारात मात्र लागेल तेवढा वेळ,
तिथे तमीमचं कमिशन असतं.
उहूदला वीस.

एकोणीस वर्षं हा फेरा चालवतोय,
उतरलो कुठेच नाही.
मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं :
सालमीन, सीट सोडायची नाही.
पोलीस येतो, मागची बस हॉर्न मारते,
एसी बंद पडला की म्हातारी माणसं कासावीस होतात.
म्हणून मदीनेत जन्मूनही
मदीना मला आरशातच जास्त दिसली,
उलटी, आणि मागे मागे जाणारी.

उहूदला तमीम माइक फुंकतो.
ही तिरंदाजांची टेकडी, म्हणतो.
पन्नास जण इथे उभे केले होते.
हुकूम होता, पाखरं आमचे लचके तोडताना दिसली
तरी जागा सोडू नका.
त्यांना वाटलं, जिंकलो.
खाली लूट दिसली.
बहुतेक उतरले.
इथे तो थांबतो. नेहमी इथेच.
कोणी डोळे पुसतं,
कोणी विचारतं, बाथरूम कुठे.

काल किर्गिझ मंडळी होती.
यादीत पंचेचाळीस नावं, एकावर काट.
उतरली चव्वेचाळीस,
परतली त्रेचाळीस.
पुन्हा मोजली. मागून पुढे मोजली.
अकरा नंबरची सीट रिकामी.
बारावर, खिडकीशी,
पांढऱ्या नमद्याची एक उंच टोपी
आणि तिला लावलेला पट्टा.

तमीम माइकवर ओरडला : बुरुल! बुरुल!
मागून कोणीतरी म्हणालं, येईल टॅक्सीनं.
मी किल्ली काढली.
एसी उसासा टाकून थांबला.
पायऱ्या उतरताना गुडघे
भाड्यानं आणल्यासारखे.

शहीदांच्या कुंपणापाशी कबुतरं,
पलीकडे प्लास्टिक अंथरून हलिमातू बसलेली.
तिचा पणजा कानोहून हजला पायी निघाला होता,
पोचला तेव्हा जायचं घर संपलं होतं.
तिच्यापुढे कफ मरियमच्या सुक्या मुठी,
दहा रियालला एक.
एक मूठ तिनं वाडग्यातल्या पाण्यात टाकलेली,
आणि समोर उकिडवी बसून
बुरुल ती बघत होती.

एकीची अरबी मोडकी, दुसरीला अरबी नाहीच.
तरी बोलणं चाललं होतं.
बुरुल एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणे,
तोकतोसून.
हलिमातू मान हलवून म्हणे,
हो, हो, वेळ लागतो.

म्हटलं, चला हाज्जा, यल्ला.
तिनं माझ्याकडे न बघता
शेजारची जागा हातानं झाडली.
बसलो.
मागे कुठलीतरी बस हॉर्न मारत होती,
माझीच असावी.
मुठीचं एक बोट सुटलं. मग बराच वेळ काही नाही.
मान वर केली तर डोंगर.
मध्ये काच नव्हती.
तव्यासारखा तांबूस, जवळचा,
काहीही न सांगणारा.

उघडली तेव्हा पूर्ण नाही उघडली.
बुरुलनं तशीच ओली उचलली,
दहा दिले. हलिमातूनं पाच परत केले.
का, ते दोघींनाच ठाऊक.

गाडीत सगळे घामानं निथळत होते, गप्प.
तिनं ती टोपीत ठेवली,
पट्टा पुन्हा ओढून बघितला.
तमीम हळूच म्हणाला, नवऱ्याचं नाव.
मार्चमध्ये गेला, व्हिसा हातात असताना.
त्यांच्याकडे मुलं जगेनात की
पुढच्याचं नाव असं ठेवतात :
तोकतोसून. थांबू दे. राहू दे हा.

मी डोकी मोजली. चव्वेचाळीस.
मग टोपी मोजली.

मालकानं दीडशे रियाल कापले.
ती चिठ्ठी आरशामागे खोचून ठेवलीय,
तेवढा कोपरा आता दिसत नाही.